काहीच न फिरवणारं खोकं

मित्रांनो, सेलूजवळच्या एका बंद जिनिंगमागे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यामागे, भंगारात पडलेला मी एक जुना कपॅसिटर आहे, पत्र्याचं एक खोकं. नाव अवघड, पण काम सोपं होतं. मोटरला फिरायला वीज लागते आणि स्वतःचं चुंबकत्व उभं करायला आणखी थोडी. ही दुसरी वीज खर्च होत नाही, नुसती ये-जा करते. पण ती बाहेरच्या तारांवरून आणली, तर बिलात भार चढतो. मी ती मोटरांच्या शेजारीच पुरवत असे.

दसऱ्याला फिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ मिळे. मी भिंतीवर गप्प. कापूस ओढणाऱ्या बायांतली थोरली कुसुमबाई तेवढी मला कुंकवाचं बोट लावी. "चूप बसून राह्यते बिचारं," म्हणे.

हंगाम संपला की मालक प्रेमदासजी नारळ फोडून मेन स्विच पाडत. मग मलाही विश्रांती. एका वर्षी त्यांनी कारखान्यातल्या मारुतीपुढे विजेचा दिवा बसवला. देवाला अंधारात कसं ठेवायचं, म्हणून उन्हाळाभर मेन चालूच राहिला. माझा वेगळा स्विच होता, तो कुणाला आठवला नाही. मोटरा थांबलेल्या, आणि घेणारं कुणी नसताना मी वीज उलट तारांत ढकलत राहिलो. त्याचाही भार बिलात लागतो.

बंद कारखान्याचं बिल पाहून प्रेमदासजींनी वायरमन खुशालला बोलावलं.

"शेठजी, हे खोकं तं काईच फिरवत नाई," तो म्हणाला. "फुकटच खाऊन राह्यलं."

त्याच दिवशी मला उतरवलं.

पुढच्या हंगामात मोटरा सुरू झाल्या, ती दुसरी वीज बाहेरून येऊ लागली आणि बिल आधीच्या हंगामांपेक्षा चढलं. ते का चढलं, हे कुणी विचारलं नाही. प्रेमदासजींनी अर्धी यंत्रं बंद करायचं ठरवलं. बायांना घरी बसायला सांगितलं, तेव्हा कुसुमबाई शांतपणे म्हणाली, "शेठ, खोकं काढून पाह्यलं. आता आमाले काढून पाह्यता का?"

त्यांनी तेही करून पाहिलं. काम रेंगाळू लागलं, कापसाच्या गाड्या दुसऱ्या जिनिंगकडे वळल्या, आणि दाराला कुलूप लागलं.

मित्रांनो, एखादी गप्प वस्तू काढण्याआधी ती कशासाठी बसवली होती, एवढं विचारा. माझ्याबाबतीत आता विचारून उपयोग नाही.

परवा कुसुमबाई चुलीमागे लावायला पत्रा शोधत इथं आली होती. तिनं मला हलवून पाहिलं. जड लागलो, म्हणून ठेवून दिलं.