रस्त्याकडचं दार

"अगो वर्षा, याला दार कुठाय?"

सरस्वतीबाई पूजेचं ताट घेऊन त्या पांढऱ्याशुभ्र कॅरॅव्हॅनच्या डाव्या अंगाला उभ्या होत्या. पुढे खिडकी, मागे खिडकी, मधे नुसता पत्रा. घराकडे वळणाऱ्या गल्लीत ही गाडी मावणार नव्हती, म्हणून सापगावच्या मुख्य रस्त्यावरच, डावी कड धरून ती उभी केली होती. आळीतल्या बायका कुंकवाची बोटं तयार ठेवून थांबल्या होत्या.

"पलीकडनं हाय, आई," स्वरूप हसत आईला म्हणाला. "हॉलंडला गाड्या रस्त्याच्या उजवीकडनं चालतात. म्हणून दार उजवीकडं."

"आनि आपल्याकडं?"

"आपल्याकडं काय, जरा वळसा घालायचा."

मग सगळ्या बायका वळसा घालून रस्त्यावर आल्या. दाराला हळदकुंकू लावायचं तर डांबरावरच उभं राहावं लागत होतं. खडीचा डंपर हॉर्न देत आला तशा त्या पत्र्याला चिकटल्या. तो गेल्यावर कुणीतरी खिदळलं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं. वर्षानं कडेवरच्या लेकीला, पारूला, इतकं आवळलं, की पोर कळवळली.

गाडी समुद्रावर होती तेव्हापासून वर्षाला धड झोप नव्हती. जहाज बुडेल, गाडी बंदरात अडकून पडेल, गाद्यांतून तिकडचे ढेकूण येतील, गॅसची नळी गळेल, अशा होत्या नव्हत्या त्या सगळ्या काळज्या तिनं आधीच करून ठेवल्या होत्या. फोनवरचा फोटो मोठा करकरून कानाकोपरा पाहिला होता. पण फोटोतली गाडी हिरव्या गवतावर उभी होती, दारापुढे फुलांची कुंडी होती. रस्ता कुठेच नव्हता. एवढी उघडी गोष्ट नेमकी तिच्या नजरेतून सुटली होती.

स्वरूप बोटीवर स्वयंपाकी होता. लग्न झाल्यापासून तो घरी थोडा आणि समुद्रावर जास्त. बीएस्सी झालेली वर्षा शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि मधल्या सुट्टीत फोनवर हवामान पाहायची. शहापूरचं नव्हे, नवऱ्याची बोट जिथे असेल तिथलं. हॉलंडच्या बंदराबाहेर अख्खी कुटुंबं असल्या गाड्या मागे जोडून हिंडताना स्वरूपनं पाहिली, आणि त्याच्या डोक्यात हे वेड शिरलं. ठाण्या-कल्याणच्या माणसांना माळशेजला न्यायचं, रात्री तिथेच ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं.

"मुरबाडचा कमळू चायनीजच्या गाड्या बांधतो," सासरे कुंडलिकराव तेव्हाच म्हणाले होते. "त्याला सांग. डोल्यांसमोर करंल."

"बाबा, कमळूच्या गाडीत झोपलो तर मला मंचुरियन झाल्यासारखं वाटंल!"

पूजेच्या दिवशी जेवताना वर्षानं विषय काढलाच. "अहो, त्या दाराचं काहीतरी करायला हवं. रस्त्याच्या कडेला थांबलो की माणूस उतरणार तो थेट गाड्यांच्या पुढ्यात."

"वर्षे, तुला काळजीचा महिन्याचा पगार मिळतो काय?" तो हसला. मग भाकरी मोडता मोडता थांबून म्हणाला, "म्हशाच्या जत्रेला कल्याणची पार्टी येतेय, जत्राभर राहणार. ती नीट पार पडली तर बेलापूरच्या एजंटला सांगतो, आता बोट नाय. नायतर आहेच आपली बोटीवरची कोठडी."

वर्षानं त्याच्या पानात भाजी वाढली. दाराचं लावून धरलं तर गाडी घरीच राहील आणि नवरा बोटीवर जाईल. तिनं स्वतःशी ठरवलं, पारूवर नजर ठेवायची. एवढं एक केलं की पुरे.

पौषातल्या जत्रेच्या दिवशी पिकअपच्या मागे कॅरॅव्हॅन जोडून ते निघाले. सरस्वतीबाई पिकअपमध्ये बसायला तयारच नव्हत्या. "मी डब्यातच बसनार. लेकानं समुद्रापलीकडनं आनलाय, आनि मी काय मागं वळून बघत जाऊ?" चालत्या डब्यात माणूस बसवू नये हे स्वरूपला माहीत होतं, पण आईपुढे त्याचं चाललं नाही.

मुरबाड मागे पडलं. म्हशाच्या रस्त्याला बैलांचे टेम्पो, पाळण्यांचे सांगाडे घेतलेले ट्रक, फुगेवाले, अशी रीघ लागली होती. जोडाजवळ काहीतरी खडखडायला लागलं तशी स्वरूपनं गाडी कडेला घेतली आणि तो पाना घेऊन वाकला. पारूला शू आली होती. वर्षा तिला घेऊन डाव्या बाजूनं, शेताकडे उतरली. मनगट घट्ट धरून ठेवलं. पोर ओरडली, "आई, दुखतंय," तरी सोडलं नाही.

"आला काय रे म्हसा?" डब्यातून आवाज आला.

स्वरूपचा पाना जोडावर वाजत होता. पारूची चड्डी वर करायला वर्षा खाली बसली होती, त्यामुळे गाडीच्या पोटाखालून तिला पलीकडचा रस्ता दिसत होता. तिथे वरून एक पाऊल खाली आलं. जोडवी घातलेलं, टाच पुढे. सरस्वतीबाई जन्मभर माळ्यावरून उतरत आल्या तशाच उतरत होत्या, रस्त्याकडे पाठ करून, पायानं पायरी चाचपडत. घडीची पायरी उघडलेलीच नव्हती. पाऊल हवेतच फिरत होतं, आणि त्याच्यामागून टेम्पोची चाकं येत होती.

"आई! पाय वर घ्या! आत!"

शाळेत पोरं गप्प करणारा तिचा आवाज होता. पाऊल वर गेलं. त्याच क्षणी धाडकन आवाज झाला, बैलांची घुंगरं खळखळली, टेम्पोवाल्यानं एक शिवी हासडली आणि टेम्पो पुढे गेला. उघडं दार मधोमध वाकून एका बिजागरीवर लोंबत होतं.

स्वरूपनं आईला उचलूनच बांधावर आणून बसवलं. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "माजाच चुकला रे. चष्मा नव्हता लावला मी."

चष्मा नाकावरच होता.

वर्षानं त्यांच्याकडे पाहिलं. सासूनं तिला डोळ्यानं खुणावलं, गप्प राहा गो. आणि वर्षाला एकदम कळलं, की लेक बोटीवर गेला की ही बाईसुद्धा आपल्यासारखीच रात्र काढत असणार, फक्त फोनवर हवामान पाहता येत नाही म्हणून छताकडे पाहत. त्याला घरी ठेवायला ती स्वतःला आंधळी म्हणवून घ्यायला तयार होती.

"आईंचं काही चुकलं नाही," वर्षा म्हणाली. आवाज कापत नव्हता याचं तिलाच नवल वाटलं. "दार चुकलंय. मी घाबरते म्हणून सांगत नाही, अहो. आहे ते सांगतेय. ही गाडी अशी पुन्हा रस्त्यावर न्यायची नाही. मग तुम्ही घरी राहा नाहीतर बोटीवर जा."

स्वरूपनं हातातला पाना खाली ठेवला. मग त्यानं फोन काढला आणि कल्याणच्या माणसांना सांगितलं, "सॉरी, आज नाय जमणार."

वाकलेलं दार दोरीनं बांधून ते मुरबाडला कमळूच्या पत्र्याच्या शेडमागे आले. कमळूनं हात पुसत गाडीभोवती एक फेरी मारली.

"लई लांबनं आनलास रे. येताना मला एक हाक मारली असतीस!" मग पारूकडे आणि सरस्वतीबाईंकडे बघून त्यानं थट्टा आवरती घेतली. "ह्या अंगाचा दार बंद करू. त्या अंगाला नवीन पाडतो. मोठ्या खिडकीची चौकट हायेच, तिच्याखालनंच कापू. पन मग खिडकी जाईल. खालचं टेबल, बाकडंबी जाईल."

"दुसरीकडनं नाय होणार?"

"दुसरीकडं तुझी चूल हाय, मोरी हाय. कुठनं कापू?"

स्वरूप दाराची दोरी सोडून आत गेला आणि त्या खिडकीशी बाकड्यावर जाऊन बसला. वर्षा बाहेर उभी राहून काचेतून त्याच्याकडे बघत होती. बोटीवरचं त्याचं स्वयंपाकघर पाण्याखालच्या मजल्यावर होतं. तिथे दिवस आहे की रात्र हे घड्याळ पाहून समजायचं, असं तो एकदा फोनवर हसत हसत म्हणाला होता.

खिशात फोन वाजला तसा त्यानं तो काढून कानाला लावला. बेलापूरचा एजंट असणार, वर्षा काचेच्या आणखी जवळ सरकली. काचेमुळे तिला शब्द ऐकू आले नाहीत. फक्त मान दोनदा आडवी हललेली दिसली. त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला.

कमळूनं खडूनं पत्र्यावर उभी रेघ ओढायला घेतली. रेघ खालून वर येत गेली, खिडकीच्या चौकटीला टेकली. आता पत्रा कापायचा ग्राइंडर सुरू करायचा म्हणून कमळूनं काचेवर टिचकी मारली.

स्वरूप उठला. लोंबतं दार हातानं सावरत तो उंबऱ्यावर आला. शेडमागे रस्ता नव्हता, येणारंजाणारं वाहन नव्हतं. गवत वाढलं होतं आणि एक शेळी चरत होती. तरी उतरण्याआधी त्यानं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं, आणि मगच पाय खाली टाकला.