पन्ह्यातला बर्फ

दिल्लीच्या उन्हाळ्याबद्दल मी जे सांगतो ते कुणाला खरं वाटत नाही. करोल बागेतल्या आमच्या गच्चीवर वाळत घातलेला पापड मी तळलेला उचलून आणला होता, कढई न लावता. आमचे एक पूर्वज पानिपताहून तोफेचा गोळा मिशीला बांधून परत आले, हेही कुणी मानत नाही. सरकारी कचेरीत तीस वर्षं मी असल्या गोष्टींवर दुसऱ्यांचा चहा प्यालो. आता सांगतो ती गोष्ट पापडाइतकी चांगली नाही.

माझ्या बायकोला, इंदुमतीला, दोन वर्षांपूर्वी बरगडीवर नागीण झाली. फोड सुकले, आग राहिली. पदर घासला तरी कळवळायची. तीन डॉक्टर झाले, फोटो काढून झाले. दिसायला कुठे काही नाही. आमचा आशय एकदा हसत म्हणाला, "आई, बाबांच्या संगतीने तूही वाढवून सांगायला लागलीस." ती हसली नाही.

अशात स्वरूपा आली. नागपूरकडची, नुकतं लग्न झालेली, दुखण्यावर संशोधन करणारी मुलगी. घरी येऊन रक्त घेणार होती. खांद्याला बर्फाचा डबा.

"काकू, दुखण्याचा निरोप नेणारे बारीक कण असतात, न्यूरोपेप्टाइड म्हणतात. रक्तात ते जेमतेम उतरतात, आणि रक्त बाहेर आलं की मिनिटांत तुटायला लागतात. म्हणून हा बर्फ."

"म्हणजे किती दुखतं ते कागदावर येईल?" इंदूने विचारलं.

"तसं नाही हां. एकच रक्त दोन लॅबना दिलं तर एक दहा सांगते, दुसरी शंभर. ते मोजणंच अजून नीट जमत नाही."

इंदूच्या डोक्यात मात्र तिचा स्वतःचा 'कागद'च राहिला. आशय फोनवर होता, त्याने तेवढंही ऐकलं नाही.

रक्त निघालं. नळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फात गेल्या. स्वरूपा उठली, तशी इंदूने वाट अडवली. "चैत्रात आलेली सवाशीण कोरडी जायची नाही आमच्याकडून." बरगडीवर हात धरूनच तिने मुलीला हळदीकुंकवासाठी आत गौरीपुढे नेलं.

सकाळपासून लाईट नव्हती. फ्रिज कोमट, पन्हं त्याहून कोमट. मी पन्ह्याकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. बर्फ तो बर्फ! सगळे खडे काढून पन्ह्याच्या तांब्यात टाकले आणि वजन कळू नये म्हणून डब्यात माठातलं पाणी ओतलं. झाकण जसंच्या तसं.

"काका, काय थंडगार आहे! लाईट नसताना?"

"हिमालयाला सांगून ठेवलंय."

मुलगी खळखळून हसली. मग मी तिला तोफगोळ्याची गोष्ट सांगितली. चांगला अर्धा तास.

तीन आठवड्यांनी निकाल आशयच्या फोनवर आला. "आई, जवळजवळ शून्य! अच्छी बात है ना?"

इंदूने फोन हातात घेतला, चष्मा न लावताच तो आकडा बराच वेळ पाहिला. "म्हणजे दुखत नाहीच मला," म्हणाली.

त्या दिवसापासून घरात कण्हणं बंद झालं. औषधाची पट्टी तिने फेकून दिली. भाजी चिरताना मध्येच थांबायची, पदराचं टोक दातांत धरायची, आणि पुन्हा चिरायला लागायची.

मी आशयला सगळं सांगितलं. "बाबा, यार, प्लीज. आत्ता नको," म्हणाला.

स्वरूपाला फोन केला. ती आधी हसलीच. "काका, डबा मी लॅबमधल्या माणसाच्या हाती दिला होता. बर्फ नसता तर त्याने लिहिलं असतं."

"नसेल लिहिलं, बाळ. परत घे ना रक्त."

"नमुने घेणं संपलंय हो. आणि काका... तोफगोळ्याचंही तुम्ही असंच अगदी शपथेवर सांगत होतात."

राहिली इंदू. दुपारी तिच्याजवळ बसलो. पिशवी, खडे, माठाचं पाणी, काही म्हणून गाळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळत होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"अहो, मला बरं वाटावं म्हणून किती रचाल?"

"इंदू, तुझी शपथ."

"माझी शपथ तुम्ही पापडालाही घेतली होतीत."

"तुझं दुखणं खरं आहे गं!"

"कागद खोटं बोलतो आणि तुम्ही खरं? राहू द्या आता."

ती उठली. उठताना पदर बरगडीवरून घसरला. तिचे ओठ पांढरे पडले, मी पाहिले.

दारात पोचल्यावर भिंतीला टेकून तिने विचारलं, "पन्हं देऊ? आज लाईट आहे. बर्फ झालाय."