भिशीतलं बारावं नाव
हेब्बाळला एका बँकेच्या कचेरीत सुखदा सातारकर दिवसभर लोकांवर संशय घ्यायची आणि त्याचा तिला बरा पगार मिळायचा. एखाद्या खात्यात काळ्याचं पांढरं होतंय असं संगणकाला वाटलं की तो लाल खूण करी. मग सुखदाने छाननी करायची, आणि शंका टिकली तर अहवाल दिल्लीला, सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता खात्याकडे जायचा. त्या अहवालाचा खातेदाराला सुगावाही लागू द्यायचा नाही, हा कडक नियम. पुण्याहून येऊन दीड वर्षात तिने नाव काढलं होतं, महिनाअखेरीला बढती जवळजवळ नक्की होती. नव्या पोरांना शिकवायचं कामही तिचंच. ‘बारा खात्यांतून एकाच तारखेला सारखी रक्कम आली आणि त्याच दिवशी सगळी एका माणसाकडे गेली, की कान टवकारा,’ असं ती तोऱ्यात सांगायची.

सोमवारी नेमकं तसंच खातं समोर आलं. खातेदार मथुरा जाधव, येलहंका. म्हणजे सुखदाची घरमालकीण. आणि पैसे पाठवणाऱ्या बाराजणींत सातव्या ओळीत खुद्द सुखदा.

ही मथुराअक्कांची भिशी होती. पाच तारखेला बाराजणी दहा-दहा हजार पाठवत, चिठ्ठी निघे आणि जिचं नाव निघेल तिला सगळे पैसे मिळत. सुखदा आठ महिने त्यात होती, पण आपण वर्गात शिकवतो ते हेच, हे बाईसाहेबांच्या डोक्यात कधी आलंच नाही. कामावरची अक्कल ती कामावरच ठेवून घरी येत असे.

ओळखीचं खातं आपण तपासायचं नसतं, म्हणून तिने ते शेजारच्या टेबलावरच्या वादिराजकडे सरकवलं. “माझी घरमालकीण आहे,” ती म्हणाली. “माझं नाव दिसेल, ते भाडं.” भिशी हा शब्द काही तोंडातून फुटला नाही. शिकवणाऱ्या मास्तरीणबाईच नापास झाल्या, हे कोण कबूल करणार?

बँकेच्या शाखेने अक्कांकडे खुलासा मागितला. गुरुवारी तो आला.

“अकराजणींची भिशी आहे म्हणे,” वादिराज म्हणाला. “अकरा नावंही दिलीत. पण दर महिन्याला बाहेर जातात एक लाख वीस हजार. दहा हजारांचा हिशोब लागत नाही. बाई काहीतरी लपवतेय. पाठवतो दिल्लीला.”

गप्प बसली तर सुखदा सुटत होती. तिचं भाडं आणि अक्कांची अकरा नावं, दोन्ही खोटी एकमेकांना छान धरून होती. फक्त अक्का, ज्यांनी आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, त्या संशयित म्हणून सरकारदरबारी नोंदल्या जाणार होत्या. सुखदाला स्वतःची लाज वाटली.

“थांब,” ती म्हणाली. “बारावी मी आहे. भाडं वेगळं, रोख देते.”

वादिराजने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “हे लिहून द्यावं लागेल.”

तिने लिहून दिलं. अक्कांचं प्रकरण तिथेच बंद झालं. सुखदाचं मात्र उघडलं: साहेबांनी तिला बोलावून बढती वर्षभर लांबल्याचं सांगितलं, आणि शिकवणीही काढून घेतली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अक्का दारातच वाट बघत होत्या. ताट वाढून त्या शेजारी बसल्या.

“ब्यांकेतनं कागद आलता,” त्या हळूच म्हणाल्या. “भिशीत कोण कोण ते विचारले. अकरा नावं सांगितले, तुझं तेवढं गाळले. तू ब्यांकेतली पोर, उगं तुझ्या नोकरीला धक्का नको. कोणाला कळलं नाही, तू घाबरू नको.”

कचेरीत काय घडलं ते सांगायची सुखदाला नियमाने सोय नव्हती, आणि सोय असती तरी तिने सांगितलं नसतं.

“बरं केलंत, अक्का,” ती म्हणाली.

“सरी, बरं झालं,” अक्का समाधानाने म्हणाल्या, आणि तिच्या पानात आणखी थोडा भात वाढला.