नाकारता येत नाही

डॉक्टर सुगतचा सोनोग्राफीचा रिपोर्ट कधी चुकत नाही, असा परभणीत बोलबाला आहे. चुकणार कसा? त्यात तो काही म्हणतच नाही. बारा ओळी लिहायच्या आणि शेवटी 'ही शक्यता नाकारता येत नाही' म्हणून हात झटकायचे. नाकारता तर या जगात काहीच येत नाही.

ही विद्या त्याने रेसिडेन्सीत कमावली. पहिल्याच महिन्यात त्याने एका रिपोर्टात सरळ 'अपेंडिक्सला सूज आहे' असं लिहिलं होतं. सूज होतीही. पण सकाळच्या मीटिंगमध्ये विभागप्रमुखांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, "तू पोटात उतरून बघून आलास का?" सगळे हसले. पुढे आठवडाभर त्याला नुसते फॉर्म भरायला बसवलं. तेव्हापासून गडी शहाणा झाला. सूज दिसली की शक्यता लिहायची, खडा दिसला तरी शक्यताच लिहायची. तिसऱ्या वर्षी तो ज्युनियरांनाही हेच शिकवू लागला आणि सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला.

मागच्या महिन्यात मात्र त्याचे वडीलच पोट धरून त्याच्या टेबलावर आडवे झाले. सूर्यभान गुरुजी, सोनपेठच्या शाळेतून निवृत्त झालेले. हृदयात स्टेंट, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. सर्जन राजेश्री मॅडमनी फोनवर बजावलं, "उगीच पोट उघडलं तर रक्त थांबवता थांबवता नाकी नऊ येतील. तुमची शक्यता-बिक्यता नको. हो की नाही, एवढंच सांगा."

पडद्यावर अपेंडिक्स अंगठ्याएवढं फुगलेलं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसलं असतं. तरी सुगतच्या ओठांवर जुनंच वाक्य आलं. मग त्याने वडिलांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि दहा वर्षांत पहिल्यांदा मॅडमना फोनवर सरळ सांगितलं, "हो. फुटायला आलंय. आजच काढा."

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी सुगत पेज घेऊन वॉर्डात गेला, तर शेजारच्या खाटेवर बोरी गावची पंचफुलाबाई, पोटाला नळी लावलेली. गुरुजींच्या तपासणीच्या आदल्या दिवशी तिची सोनोग्राफी सुगतनेच केली होती. बारा ओळी वाचून तिच्या डॉक्टरला काही उमगलं नाही. त्याने गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं आणि अपेंडिक्स घरीच फुटलं. गुरुजींना इंग्रजी येतं म्हणून तिच्या नवऱ्याने रिपोर्ट त्यांच्या हातात दिला होता.

"हिचं आन माझं दुखणं एकच हाय का?" गुरुजींनी विचारलं.

"हो, बाबा."

"माझं एका शब्दात सांगितलंस. हिला एवढं लांबण कशाला लावलं?"

सुगत खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "चुकलो असतो तर तुमी मला जाब विचारला नसता. हे लोक विचारतात."

गुरुजींनी रिपोर्टाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"मग सांग की हिला," ते म्हणाले, "तुझं काहीच चुकलं न्हाई म्हून."

पंचफुलाबाई मान वळवून, डॉक्टर काय सांगतात त्याची वाट बघू लागली.