रोज तीस वेळा

सुतार शिडीवरून पडला, त्याला तीन महिने झाले होते. पाठीचा कणा दुखावला, पण आतली नसांची दोरी पुरती तुटली नव्हती. पाय थोडे हलायचे, म्हणजे व्यायामाने आणखी हलतील अशी आशा होती. दवाखान्यात आठवड्यातून तीनदा पट्ट्यांनी तोलून चालवणारं यंत्र, आणि घरी ओट्याला धरून खुर्चीतून रोज तीस वेळा उठायचं. उठलं की तक्त्यावर रेघ. तक्ता होता ताईकडे, त्याच्या थोरल्या बहिणीकडे.

आज सहा आठवड्यांची तपासणी होती. फिजिओबाईंनी पायांचा जोर पाहिला, तक्ता उलटसुलट केला आणि चष्मा काढला.

"रोज तीस, एकही खाडा नाही. तरी जोर जिथल्या तिथे. म्हणजे तुम्हाला व्यायाम लागू पडत नाही. यंत्रावरची जागा सोमवारपासून दुसऱ्याला द्यावी लागेल. बाहेर रांग लागलीय."

सुतार तक्त्याकडे वाकला. तीस? कुणी काढले तीस? एखाद्या दिवशी सात, फार तर आठ. बाकीचे दिवस तो शिव्या घालून, उशी फेकून, भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"ताई, ह्या रेघा कुणाच्या?"

ताई पिशवीचे बंद पिळत बसली. "अरे, तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं. वर बाई रागावतील तुला. म्हणून मीच ओढायचे."

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. त्याचे तळपाय निम्मे बधिर, तरी आग बरोबर पोचली.

"केसाने गळा कापलास गं! मी गिऱ्हाईकाला कधी फळीचं माप खोटं सांगितलं नाही, आणि तू माझ्या पायांचं..." जास्त राग स्वतःचाच येत होता. रेघा तिने ओढल्या, पण लोळत कोण पडलं होतं?

बाईही भडकल्या. "म्हणजे दीड महिना मी कागदावर उपचार करत होते? अहो, पुन्हा पुन्हा केलं तरच नसा शिकतात! आणि हेच महिने सगळ्यांत कामाचे. गेलेले दिवस आणू कुठून?" त्यांनी तक्ता टराटरा फाडला. "उठून दाखवा. आत्ता. मग बघू जागेचं."

त्याने खुर्चीच्या दोन्ही बाजूंचे आधाराचे दांडे धरले आणि दातओठ खात जोर लावला. बूड खुर्चीवरून सुटलं, मांड्या लटपटल्या. ताई धावली.

"हात लावशील तर याद राख!"

ती जागीच थिजली. तो वर सरकला, आणखी थोडा सरकला, आणि धपकन खाली बसला.

बाईंचा आवाज नरमला. "चला, एक धरते. तीन आठवडे जागा ठेवते तुमची."

"कसलं एक?" तो घाम पुसत खेकसला. "गुडघे वाकलेलेच होते. ते धरायचं नाही."

आणि त्याने पुन्हा दांडे धरले.