जमुनेचे गोट

"घ्या पास. सायबाची सही झाली," प्लेगच्या छावणीच्या फाटकावरचा शिपाई म्हणाला. कागद दिला, पण फाटक काही उघडलं नाही.

"मंग सोड ना तिले. जमुना नाव हाय," सहदेव म्हणाला.

शिपायानं वहीत बोट फिरवलं. "बाई परवाच मेली, बावा. जाळलं बी."

"परवा? परवा त मी इथंच उभा होतो!"

"पास नोता ना तुमच्यापाशी. सायेब दौऱ्यावर. मी काय करू?"

माहेराहून परतणाऱ्या त्याच्या बायकोला, जमुनेला, प्लेगच्या संशयावरून अमरावतीत अडवलं, तेव्हा तिला साधा तापही नव्हता. पहिल्या दिवशी ती कुंपणापाशी आली होती. म्हणाली, "तुमी जा घरी. पानाचे येल वाळतीन." तो गेला नाही.

अंजनगावात तो दहा दिवसांनी परतला. मळा वाळला असणार, हे तो धरूनच चालला होता. वेल हिरवे होते. माती ओली होती. विहीर सहा घरांची, आणि त्याचे बैल तर त्याच्याबरोबर गाडीला होते.

"कोनाच्या बैलानं मोट ओढली?"

"साऱ्याइच्या," शेजारचा उत्तमराव म्हणाला.

"कोनं सांगतलं?"

"सांगाले काय लागते? तुही पाळी होती, तू नोता. पागल झाला काय?"

तो प्रश्न मात्र सहदेवच्या डोक्यातून जाईना. बाजारात, चावडीत, कुणी काही हुकूम सांगितला की विचारू लागला, "हे कोनाच्या सहीनं?" लोक हसायचे. पुढं त्यानं चावडीवर जाणं सोडलं. तहसीलनं विहिरीवर पाळ्या लावून द्यायला मुखत्यार नेमायचं ठरवलं आणि याचंच नाव काढलं. यानं कागद परत पाठवला.

मोरोपंत वकिलांकडे तो पानं पोचवायचा. ते म्हणाले, "सरकार नसेल तर माणसं एकमेकांची डोकी फोडतील, सहदेव."

"फोडतेत ना. मागच्या साली उत्तमरावनंच माहं फोडलं. पन पानी नाई थांबवलं माहं."

पंतांनी हातातलं पान तबकात ठेवलं. "असं बोलणाऱ्याला अराजकवादी म्हणतात. तुरुंगात टाकतात."

"नाव काईबी ठेवा, वकीलसायेब."

मुलीचं, वच्छलाचं, लग्न ठरलं त्या आठवड्यात कोतवाल आला. मयताच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा राहिला होता. अंगठा दिला की छावणीत हातांतून उतरवून घेतलेले जमुनेचे चांदीचे गोट परत मिळणार होते.

"बाबा, एक अंगठा त हाय," वच्छला म्हणाली. "मायचं दुसरं काय हाय माह्यापाशी?"

सहदेवनं अंगठा मुठीत मिटला. "तुह्या मायले सोडाले सही पायजे होती, पोरी. आता तिच्या गोटाले अंगठा पायजे. मी नाई देत."

वच्छला आत गेली. कोतवालानं शाईची डबी मिटली.

त्या दिवशी पाळी सहदेवची होती. त्यानं बैल सोडले आणि विहिरीकडे नेले.

पोर रिकाम्या मनगटांनी सासरी गेली. गोट अमरावतीच्या खजिन्यात आहेत. कागदावरचा अंगठा अजून राहिला आहे.