पालथी घातलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. माझ्या अंगावर चार खोल खाचा आहेत. आता त्यांचे तोंड खाली असते, म्हणून तुम्हाला त्या दिसायच्या नाहीत.

मला एका सुताराने आपल्या बहिणीसाठी केले. बहीण जन्मापासून आंधळी. दवाखान्याच्या फाटकाशी बसून ती कंगवे, साबणाच्या वड्या आणि हातरुमाल विकायची. सगळे तिला आक्का म्हणत. काही लोक लहान नाणे देऊन मोठे दिले असे सांगत. तेव्हा सुताराने एकेक नाणे माझ्यावर ठेवले, भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या मापाच्या खाचा कोरल्या. लहान नाणे मोठ्या खाचेत खुळखुळे. मोठे नाणे लहान खाचेत बसतच नसे.

"आता तुला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असे म्हणून त्याने मला तिच्या मांडीवर ठेवले.

तिच्या बोटांनी मी गुळगुळीत झाले. डोळस माणूस चुकेल, पण आक्का चुकायची नाही, असे लोक म्हणत. तेव्हा माझी छाती फुगत असे.

दुपारी चारला दवाखान्यातल्या आयाबाईंचे काम सुटे. मग त्या आणि आक्का दोघी समोरच्या टपरीवर चहा घेत. पैसे द्यायची एक दिवस हिची पाळी, एक दिवस तिची.

"आज कुणाची गं पाळी?" आयाबाई मुद्दाम विचारत.

"तुझीच. आंधळी मी आणि दिसत तुला नाही!"

आक्काची पाळी असली की ती माझ्या मोठ्या खाचेतून दोन नाणी उचले. एका नाण्याला एक कप. ती दोन नाणी टपरीवर ठेवताना तिची मान ताठ असे. जन्मभर तिला कोणी ना कोणी काहीतरी दिले होते. इथे देणारी ती होती.

पुढे सुतार गेला. हळूहळू लोकांच्या खिशातली नाणीही गेली. "सुटे नाहीत, आक्का," म्हणत गिऱ्हाईक पुढे जाई. साबणाच्या वड्या वाळून तडकल्या. तेव्हा सुताराच्या मुलाने, म्हणजे तिच्या भाच्याने, फोनवरून पैसे घ्यायचा काळा-पांढरा चौकोन आणला. तो चिकटवायला सपाट जागा हवी होती. माझी पाठ सपाट होती. त्याने मला पालथे घातले आणि कागद डकवला.

विक्री वाढली, हे खरे आहे. पैसे भाच्याच्या फोनवर जात. मुलगा चांगला होता. तिला काही कमी पडू देत नव्हता. पण चहासाठी तिने नाणी मागितली, तर तो म्हणाला, "आत्या, रोज कुठे सुटे शोधू? मी टपरीवाल्याला महिन्याचे एकदम देऊन टाकतो ना."

"तसं नको रे," ती म्हणाली. कसे हवे, ते तिला सांगता आले नाही.

त्यानंतर चहाची तिची पाळी आली की, पोट बिघडलंय, असे ती सांगू लागली. मग आयाबाईंच्या पाळीलाही तेच सांगू लागली.

एके दिवशी एक जुने मास्तर आले. त्यांनी कंगवा घेतला आणि दोन मोठी नाणी तिच्या तळहातावर ठेवली. तिचा चेहरा उजळला. तीस वर्षांच्या सवयीने बोटे खाचेकडे गेली. खाच कुठली! नाणी गुळगुळीत कागदावरून घसरली. एक तिच्या पायाशी थांबले. दुसरे घरंगळत गटारात गेले. ती गुडघ्यांवर बसून रस्ता चाचपू लागली.

"राहू द्या आक्का, दुसरं देतो," मास्तर म्हणाले.

"नको. तुम्ही तुमचे दिलेत. पडलं ते माझं होतं."

चार वाजले. आयाबाई आल्या. "काय गं, आज तरी पोट बरं आहे का?"

आक्काने मुठीतले नाणे त्यांच्या हातात दिले. "आज माझी पाळी आहे. जा, चहा घे."

"आणि तू?"

"माझं पोट अजून तसंच आहे बघ."

 आयाबाई टपरीकडे गेल्या आणि एका कपात दोघींचा चहा घेऊन आल्या. आक्का फुंकर घालत राहिली, पण घोट काही घेईना.

मित्रांनो, नव्या चौकोनावर माझा राग नाही. त्यानेच आज तिची चूल पेटते. पण माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू पालथी घालण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवून पाहा. तिच्या खाचांत कुणाची तरी ताठ मान ठेवलेली असते.